‘ऑटो’ या पूर्वपदाचा अर्थ, उगम आणि मराठी प्रतिशब्द : पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

पुणे-मुंबई रस्त्याने दापोडीहून निगडीकडे जाताना, किंवा भोसरीहून नाशिक रस्त्याने मोशीमार्गे चाकणकडे वळताना, रस्त्याच्या दुतर्फा जे शब्द सर्वाधिक वेळा डोळ्यांसमोरून जातात त्यांत ‘ऑटो’ हा शब्द अग्रभागी आहे. सुट्या भागांची दुकाने, वाहनदुरुस्तीची गॅरेजे, लघुउद्योजकांचे गाळे, चिंचवड येथील ‘ऑटो क्लस्टर’ ही संस्था आणि या परिसराची औद्योगिक ओळख घडविणारी ‘बजाज ऑटो’ ही कंपनी, या सर्वांच्या नावांत हा शब्द आहे. कारखान्याच्या आत गेले तर संगणकनियंत्रित यंत्राच्या फलकावर ‘मॅन्युअल’च्या शेजारी ‘ऑटो’ हा पर्याय असतो. याच परिसरातील एखादे महाविद्यालय ‘ऑटोनॉमस’ दर्जा मिळवते, तेव्हा त्याच्या नामफलकावरही या शब्दाचा अवतार प्रकट होतो.

हे तिन्ही ‘ऑटो’ एकच आहेत काय? आणि नसतील, तर मराठीत त्यांच्यासाठी वापरली जाणारी ‘स्वयं’, ‘स्व’ आणि ‘आत्म’ ही पूर्वपदे त्यांच्यातील भेद नेमका दाखवितात काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे. वरवर पाहता हा प्रश्न कोशकारांच्या कक्षेतला वाटेल. परंतु ज्या परिसरात हजारो कुटुंबांची उपजीविका या एका पूर्वपदाशी जोडलेली आहे, तेथे ‘आपोआप’ आणि ‘आपण स्वतः’ यांतील फरक पुसला जाणे ही केवळ शब्दांची बाब राहत नाही. काम कोण करतो, या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचा परिणाम होतो, अशी या लेखाची भूमिका आहे.

उपसर्ग की पूर्वपद?

चर्चेच्या आरंभी परिभाषेचा एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘प्रीफिक्स’ या संज्ञेसाठी मराठीत ‘उपसर्ग’ ही संज्ञा सर्रास वापरली जाते. संस्कृत व्याकरणात मात्र उपसर्गांची संख्या बावीस मानली आहे. प्र, परा, अप, सम्, अनु ही त्यांची उदाहरणे. ते धातूला लागून त्याचा अर्थ बदलतात. उपसर्गांना स्वतंत्र अर्थ असतो की नाही, हा वादही जुना आहे. यास्काने ‘निरुक्ता’त शाकटायन आणि गार्ग्य या दोन आचार्यांची परस्परविरोधी मते नोंदविली आहेत. पदापासून सुटे केलेले उपसर्ग स्वतःचा अर्थ निश्चितपणे सांगत नाहीत असे शाकटायनाचे मत, तर त्यांना नानाविध अर्थ असतात असे गार्ग्याचे मत.

‘ऑटो’ या कसोटीवर उपसर्ग ठरत नाही. ग्रीक भाषेत ‘ऑटोस’ हे स्वतंत्र सर्वनाम आहे. ‘स्वतः’, ‘तोच’, ‘तो स्वतः’ हे त्याचे अर्थ. समासात ते पहिल्या जागी येते आणि पुढील पदाला विशिष्ट करते. म्हणून इंग्रजी भाषाभ्यासकही त्याला बहुधा ‘जोडरूप’ म्हणतात. मराठीतील ‘स्वयं’चीही स्थिती अशीच आहे. ते संस्कृत अव्यय आहे आणि ‘स्वयंवर’, ‘स्वयंसेवक’, ‘स्वयंभू’ हे सामासिक शब्द आहेत. त्यामुळे या लेखात ‘पूर्वपद’ ही संज्ञा वापरली आहे. हा भेद महत्त्वाचा अशासाठी, की सर्वनामाचा अर्थ नेहमी दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवितो. ‘स्वतः’ म्हटले की ‘कोण स्वतः’ हा प्रश्न अपरिहार्यपणे येतो. पुढील विवेचनाची कसोटी हाच प्रश्न आहे.

ग्रीक मुळातील दोन अर्थ

‘ऑटोमॅटिक’ या शब्दाचे मूळ ग्रीक ‘ऑटोमाटोस’ या विशेषणात आहे. त्यातील ‘ऑटो’ सर्वपरिचित आहे. उत्तरपदाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ‘माटोस’ हे पद विचार करणे या अर्थाच्या प्राचीन मूळ धातूपासून आले आहे. संस्कृतातील ‘मत’, ‘मति’ आणि ‘मनस्’, लॅटिनमधील ‘मेन्स’ आणि इंग्रजीतील ‘माइंड’ हे शब्द त्याच कुळातले. म्हणजे ‘ऑटोमाटोस’चा मूळ भाव ‘स्वतःच्या मताने वागणारा’ असा होतो. आज ज्या शब्दाने आपण बुद्धी न चालविता होणारी क्रिया दर्शवितो, त्याच शब्दाच्या गाभ्यात ‘मत’ दडलेले असावे, हा अर्थांतराचा विलक्षण नमुना आहे.

होमरच्या ‘इलियड’मध्ये हा शब्द तीन ठिकाणी लक्षणीय रीतीने येतो. दुसऱ्या सर्गात अगामेम्नॉनच्या भोजनाला त्याचा भाऊ मेनेलाउस न बोलावता स्वेच्छेने येतो. पाचव्या सर्गात देवलोकाची द्वारे कोणी न उघडता उघडतात. अठराव्या सर्गात हेफेस्टस या शिल्पकार देवाने घडविलेल्या चाके लावलेल्या तिवया देवांच्या सभेत स्वतःच जातात आणि परत येतात. तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. पण मराठीत सांगताना आपण तो एकाच शब्दाने सांगणार नाही. मेनेलाउस ‘आपणहून’ आला असे म्हणू आणि द्वारे ‘आपोआप’ उघडली असे म्हणू. ‘द्वारे आपणहून उघडली’ हे मराठी कानाला खटकते आणि ‘भाऊ आपोआप आला’ यात तर अर्थच बदलतो.

येथे मराठीचे एक बलस्थान हाती लागते. ‘आपण’, ‘आपला’, ‘आपणहून’, ‘आपोआप’, ‘आपसूक’, ‘आपमतलबी’ या सर्वांच्या मुळाशी असलेले ‘आप’ संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्प’च्या मार्गाने मराठीत आले. मराठीने या एका मुळातून इच्छेने केलेल्या कृतीसाठी एक आणि कर्त्यावाचून घडलेल्या घटनेसाठी दुसरा, असे दोन शब्द सिद्ध केले. ग्रीक शब्दात एकवटलेला भेद बोलीमराठीने सहज उलगडून ठेवला होता. पारिभाषिक मराठीने तो जपला का, हा आपला पुढचा प्रश्न आहे.

इंग्रजीतील तीन ‘ऑटो’

इंग्रजीत या पूर्वपदाच्या अर्थाचा प्रवास तीन टप्प्यांत मांडता येतो. पहिल्या टप्प्यात ते मूळ ग्रीक अर्थाने, म्हणजे ‘स्वतः’ या अर्थाने, विद्वानांच्या शब्दांत आले. ‘ऑटोग्राफ’ म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेले. ‘ऑटोनॉमी’ म्हणजे स्वतःचा कायदा स्वतः करण्याची स्थिती. ‘ऑटोप्सी’ म्हणजे मुळात स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. ‘ऑटोबायोग्राफी’ हा शब्द त्यामानाने नवा, अठराव्या शतकाच्या अखेरीस घडविला गेलेला. या सर्व शब्दांत ‘ऑटो’ माणसाकडे बोट दाखविते.

दुसरा टप्पा यंत्रांचा. ‘ऑटोमॅटन’ आणि ‘ऑटोमॅटिक’ या शब्दांच्या प्रसाराबरोबर ‘स्वतः’चा अर्थ माणसाकडून वस्तूकडे सरकला. ‘ऑटोमेशन’ हा शब्द विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात अमेरिकेतील वाहन-उद्योगात रूढ झाला. फोर्ड कंपनीने १९४७ मध्ये या नावाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला होता. येथे ‘ऑटो’चा अर्थ ‘माणसाच्या हस्तक्षेपावाचून’ असा होतो.

तिसरा टप्पा वाहनाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच भाषेत ग्रीक ‘ऑटो’ आणि लॅटिन ‘मोबिलिस’ यांचा संकर होऊन ‘ऑटोमोबाइल’ हा शब्द रूढ झाला. घोड्यावाचून स्वतः चालणारी गाडी, हा त्याचा अर्थ. पुढे लोकांनी हा लांबलचक शब्द छाटला आणि ‘ऑटो’ एवढाच उरला. या छाटलेल्या शब्दापासून पुन्हा नवे समास झाले. ‘ऑटो पार्ट्स’ म्हणजे स्वतःचे भाग नव्हेत, तर वाहनाचे भाग. पूर्वपदाने येथे आपला मूळ अर्थ सर्वस्वी टाकून, ज्या शब्दाचा ते एक तुकडा होते त्या संपूर्ण शब्दाचा अर्थ धारण केला. शाकटायन आणि गार्ग्य यांच्या वादाला हे एक आधुनिक उदाहरण ठरावे. सुटे पडलेले पूर्वपद अर्थहीन झाले नाही. ते पूर्वीपेक्षा अधिक अर्थ घेऊन परतले.

औद्योगिक पट्ट्यातील ‘ऑटो’

पिंपरी-चिंचवड परिसरात या तिसऱ्या ‘ऑटो’ची प्रतिष्ठापना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने नोंदविलेली कंपनी १९६० मध्ये ‘बजाज ऑटो’ झाली आणि तिचा आकुर्डीचा कारखाना दुचाकी-तीनचाकी वाहनांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६६ मध्ये टेल्कोने पिंपरी येथे पाऊल टाकले. टेल्कोच्या मूळ नावात ‘ऑटो’ नव्हते, ‘लोकोमोटिव्ह’ होते, कारण कंपनीचा आरंभ रेल्वे-इंजिनांपासून झाला होता. २००३ मध्ये तिने ‘टाटा मोटर्स’ हे नाव धारण केले. आकुर्डी येथील वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले, तोवर उद्योगाचा गुरुत्वमध्य चाकणकडे सरकू लागला होता. २००९ मध्ये तेथे मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन यांचे प्रकल्प सुरू झाले.

या इतिहासाबरोबर एक भाषिक निरीक्षण नोंदविणे उचित ठरेल. ज्या गावांतून तीनचाकी ‘ऑटोरिक्षा’ देशभर गेली, त्या गावांतील मराठी माणूस तिला ‘रिक्षा’ म्हणतो. विदर्भात आणि हिंदी-भाषक प्रदेशात तीच ‘ऑटो’ होते. ‘रिक्षा’ हा शब्द जपानी ‘जिन्रिकिशा’पासून आला. ‘जिन्’ म्हणजे माणूस, ‘रिकि’ म्हणजे बळ, ‘शा’ म्हणजे गाडी. माणसाच्या बळाने ओढली जाणारी गाडी. इंग्रजीच्या तोंडी या शब्दाचे पहिले पद गळाले, म्हणजे नेमका ‘माणूस’ गळाला, आणि त्याच्या रिकाम्या जागी पुढे ‘ऑटो’ येऊन बसले. गाडी ओढणारा माणूस त्या श्रमातून सुटला ही स्वागतार्हच गोष्ट होय. परंतु ‘ऑटो’ आले म्हणून माणूस गेला नाही. तो हँडलमागे बसला. शब्दाने मात्र त्याची नोंद ठेवली नाही.

‘स्वयं’ची चिकित्सा

आता मराठी प्रतिशब्दांकडे वळू. १९६० मध्ये राज्य शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले आणि त्यानंतरच्या दशकांत विविध शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध झाले. हे कार्य मोठे आहे आणि त्याचे ऋण मान्य करूनच ही चिकित्सा केली आहे. मराठीत आज ‘ऑटो’साठी जे पर्याय रूढ आहेत, त्यांत ‘स्वाक्षरी’, ‘स्वायत्त’, ‘आत्मचरित्र’, ‘स्वयंपोषी’, ‘स्वयंसूचना’, ‘स्वयंचलित’, ‘स्वयंचलन’ हे प्रमुख होत. ‘ऑटोप्सी’साठी मात्र ‘शवविच्छेदन’ असा शब्द आला. तेथे पूर्वपदाचे भाषांतर करण्याचा मोह टाळला गेला आणि म्हणूनच तो शब्द यशस्वी झाला. प्रत्येक पूर्वपदाला एक ठरावीक प्रतिपद असलेच पाहिजे, ही समजूत किती अनावश्यक आहे हे त्यावरून दिसते.

या मालिकेतील सर्वाधिक वापरला जाणारा आणि सर्वाधिक अडचणीचा शब्द ‘स्वयंचलित’ हा आहे. त्याची तुलना मराठीतील एका अस्सल घरगुती शब्दाशी करून पाहावी. तो शब्द ‘स्वयंपाक’. स्वतःचे अन्न स्वतःच्या हाताने शिजविणे, हा त्याचा मूळ अर्थ. सोवळ्यामुळे दुसऱ्याच्या हातचे न खाणाऱ्यांच्या आचारात त्याला विशेष स्थान होते. येथे ‘स्वयं’ शिजविणाऱ्याचे आहे, शिजणाऱ्या अन्नाचे नाही. स्वयंपाक आपोआप होत नाही, हे कोणत्याही मराठी घरात सांगावे लागू नये. ‘स्वयंवर’ आणि ‘स्वयंसेवक’ यांतही ‘स्वयं’ कर्त्याचे आहे. याउलट ‘स्वयंभू’ मूर्तीतील ‘स्वयं’ वस्तूचे आहे. ती कोणी घडविली नाही, असे हा शब्द सांगतो. म्हणजे ‘स्वयं’मध्येही ‘ऑटो’प्रमाणेच दोन अर्थ नांदतात: ‘आपल्या हाताने’ आणि ‘कोणाच्याही हातावाचून’. हे दोन अर्थ परस्परांच्या टोकाला आहेत.

‘स्वयंचलित’मधील ‘स्वयं’ दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याचा जोडशब्द ‘हस्तचलित’ घेतला तर गोंधळ स्पष्ट होतो. ‘हस्तचलित यंत्र’ यातील हस्त यंत्राचा नाही, कामगाराचा आहे. ‘स्वयंचलित यंत्र’ यातील स्वयं मात्र कामगाराचे नाही, यंत्राचे आहे. समासाची घडण एक, पण पूर्वपदाचा धनी बदललेला. शिवाय ‘चलित’ हे रूप चाललेले, हललेले अशी झालेली स्थिती सांगते. चालण्याचा गुण सांगण्यासाठी ‘स्वयंचल’ हे रूप अधिक सरळ होते, पण ते मागे पडले.

व्यवहारात याचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे ‘ऑटोमोबाइल’ला ‘स्वयंचलित वाहन’ हा पर्याय ग्रंथांतून दिला गेला. दुसरीकडे चालकावाचून धावणाऱ्या गाडीचे वृत्त देताना वृत्तपत्रेही ‘स्वयंचलित वाहन’च लिहितात. गिअर आपोआप बदलणारी गाडीही ‘स्वयंचलित’च. घोडा नसलेली गाडी, गिअर टाकावा न लागणारी गाडी आणि चालकच नसलेली गाडी या तीन गोष्टींमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. त्यांना एका शब्दात कोंबणारी परिभाषा शास्त्राच्या उपयोगाची नाही. ‘मोटार’ हा शब्द मराठीने कधीचाच पचविला आहे आणि शासनाचा विभागही ‘मोटार वाहन विभाग’ म्हणूनच ओळखला जातो. ‘ऑटोमोबाइल’साठी तोच पुरेसा आहे.

कारखान्यातील एक कसोटी

हा भेद प्रत्यक्ष कामाच्या जागी किती निर्णायक ठरतो, याचे उदाहरण जपानी व्यवस्थापनपद्धतींतून मिळते. या पट्ट्यातील कारखान्यांत काइझेन, पोका-योके, टीपीएम हे शब्द आता परके राहिलेले नाहीत. टीपीएममधील एक प्रमुख अंग ‘जिशु होझेन’ हे आहे. इंग्रजीत त्याला ‘ऑटोनॉमस मेंटेनन्स’ म्हणतात. यंत्र चालविणाऱ्या कामगाराने स्वतःच त्याची सफाई करावी, तेलपाणी पाहावे, सैल झालेले नट-बोल्ट आवळावेत आणि बिघाडाची चाहूल लागताच ती नोंदवावी, असा त्याचा आशय आहे. त्याचे भाषांतर कोणी ‘स्वयंचलित देखभाल’ असे केले, तर अर्थ नेमका उलटा होतो. यंत्र आपली देखभाल आपोआप करते, असे त्यातून ध्वनित होईल. आणि ज्या कामगाराच्या कौशल्यावर ही संपूर्ण पद्धती उभी आहे, तोच वाक्यातून नाहीसा होईल. ‘स्वयंदेखभाल’ हा पर्यायही निर्दोष नाही, कारण तेथेही ‘स्वयं’ कोणाचे हे कळत नाही. ‘चालकाने स्वतः करावयाची देखभाल’ हा शब्दप्रयोग लांब आहे, पण प्रामाणिक आहे.

जपानी भाषेने हा प्रश्न कसा सोडविला, हे पाहणे उद्बोधक आहे. ‘जिदोका’ या जपानी शब्दाचा साधा अर्थ ऑटोमेशन. टोयोटा कंपनीने मात्र त्यातील ‘हालणे’ या अर्थाच्या चित्रलिपी-चिन्हाऐवजी उच्चाराने तेच, पण ‘माणूस’ हा घटक जोडलेले चिन्ह वापरले. धागा तुटताच स्वतः थांबणाऱ्या मागाची कल्पना साकिची टोयोडा यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्यक्षात आणली होती. त्या परंपरेतून हा शब्द आला. यंत्राने नुसते चालत राहू नये, दोष दिसताच थांबावे आणि माणसाला हाक द्यावी, हे तत्त्व त्या एका जादा रेषासमूहाने सुचविले. इंग्रजीत त्यासाठी ‘ऑटोनोमेशन’ असा नवा शब्द घडवावा लागला. शब्दातून गळालेला माणूस परत आणता येतो, याचा हा दाखला आहे.

यंत्र आणि माणूस यांच्यातील हा तिढा नवा नाही. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात म्हटले आहे की, धोटा जर स्वतःच विणू लागला, तर कारागिराला मदतनिसांची आणि धन्याला दासांची गरज उरणार नाही. त्याने तेथे हेफेस्टसच्या त्या तिवयांचीच आठवण दिली आहे. त्याच्या काळी ती अशक्यतेची कल्पना होती. आज वेल्डिंगचे हात आणि रंगकामाचे यंत्रमानव कारखान्यांत कार्यरत आहेत. तथापि त्यांना कार्यक्रम घालून देणारा, सेटिंग करणारा, जॉब चढविणारा आणि बिघाड झाल्यावर धावणारा माणूस तेथेच आहे. ‘उत्पादन स्वयंचलित झाले’ या वाक्यात त्याला जागा नाही. वेतन करार, उत्पादकता आणि मनुष्यबळ यांची चर्चा अशाच वाक्यांतून होत असल्यामुळे हा व्याकरणाचा तपशील निरुपद्रवी राहत नाही.

‘स्व’ आणि ‘आत्म’: साहित्यातील पडसाद

हाच प्रश्न मराठी साहित्यविचारात वेगळ्या रूपाने उभा राहिला आहे. ‘ऑटोबायोग्राफी’साठी मराठीने ‘आत्मचरित्र’ हा शब्द स्वीकारला. धोंडो केशव कर्वे यांनी १९१५ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘आत्मवृत्त’ असे नाव दिले. दया पवार यांच्या ‘बलुतं’ने (१९७८) आणि लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) या साहित्यप्रकाराचे स्वरूप पालटले, तेव्हा ‘आत्मचरित्र’ हा शब्द अपुरा पडू लागला. ‘आत्मकथन’ आणि त्यापाठोपाठ ‘स्वकथन’ या संज्ञा पुढे आल्या. आत्मा न मानणाऱ्या बौद्ध विचाराचा स्वीकार केलेल्या लेखकांच्या लेखनाला ‘आत्म’ हे पूर्वपद लावावे काय, हा त्या चर्चेतील एक मूलगामी मुद्दा होता. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या ग्रंथाच्या शीर्षकात तर ‘स्व’ हा एकवचनी राहतच नाही. तो ‘आमुचं’ होतो. पूर्वपदाची निवड ही तत्त्वज्ञानाची आणि समाजस्थितीची निवड असते, हे मराठी समीक्षेने येथे सिद्ध केले. तंत्रविज्ञानाच्या परिभाषेला ही जाणीव अद्याप पुरेशी स्पर्शलेली नाही.

‘ऑटोनॉमी’च्या बाबतीतही असेच म्हणता येईल. ग्रीकांमध्ये हा शब्द प्राधान्याने नगरराज्यांसाठी होता; ‘नोमोस’ म्हणजे कायदा. आपल्याकडे ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हा शब्दप्रयोग त्या अर्थाच्या अधिक जवळ आहे. १९८२ मध्ये महानगरपालिका झालेली पिंपरी-चिंचवड नगरी ही या अर्थाने स्वराज्य संस्था आहे. शैक्षणिक क्षेत्रात मात्र ‘स्वायत्त’ हा शब्द रूढ झाला. ‘आयत्त’ म्हणजे अवलंबून, अधीन. ‘स्वायत्त’ म्हणजे स्वतःवर अवलंबून असलेला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) स्वायत्त महाविद्यालयांचा पुरस्कार केला, तेव्हा अभ्यासक्रम व परीक्षा यांचे नियम महाविद्यालयाने स्वतः ठरवावेत, हा कायद्याचा अर्थ अभिप्रेत होता. आपल्या शब्दात तो कायदा उतरला नाही, अवलंबन उतरले. स्वायत्तता म्हणजे प्राध्यापकांनी अभ्यासक्रम स्वतः रचणे, की संस्थेने आपला खर्च स्वतः भागविणे, अशी जी संदिग्धता चर्चासत्रांतून जाणवते, तिचे एक बीज या शब्दातही शोधता येईल. येथेही विचारावयाचा प्रश्न तोच: ‘स्व’ कोणाचा?

दोन संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की, शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून ठरत नाही, रूढीवरून ठरतो. हे तत्त्वतः मान्यच आहे. ‘ऑटो पार्ट्स’मध्ये ग्रीक सर्वनाम शोधणे निरर्थक होय, हे वर दाखविलेच आहे. तथापि प्रस्तुत आक्षेप ‘स्वयंचलित’च्या व्युत्पत्तीवर नसून त्याच्या आजच्या वापरातील संदिग्धतेवर आहे. व्युत्पत्तीने केवळ ती संदिग्धता कोठून आली हे दाखविले.

दुसरा आक्षेप असा की, कामगार परिभाषा कोश पाहून बोलत नाही; तो ‘मशीन ऑटोवर टाकली’ असे म्हणून मोकळा होतो. हेही खरे आहे, आणि त्या वाक्यातील शहाणपण दखल घेण्याजोगे आहे. त्या वाक्यात यंत्र स्वयंचलित नाही. कोणीतरी ते ‘टाकले’ आहे. कर्ता शाबूत आहे. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची क्रमिक पुस्तके, सुरक्षाफलक, कार्यसूचना आणि शासकीय दस्तऐवज बोलीत लिहिले जात नाहीत. ते परिभाषेत लिहिले जातात आणि तेथे चूक झाली तर ती वाचणाऱ्याला भोगावी लागते.

निष्कर्ष

या विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, ‘ऑटो’ हे पूर्वपद इंग्रजीत आज किमान तीन अर्थांनी वावरते: ‘स्वतः’, ‘आपोआप’ आणि ‘वाहनविषयक’. त्यांना एकच मराठी प्रतिपद देणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष आहे. दोन, कर्ता माणूस असेल तेथे ‘स्व’ किंवा ‘स्वतः’. कर्ता दृष्टीआड असेल तेथे ‘आपोआप चालणारे’ किंवा ‘स्वयंचल’. आणि वाहनाचा संदर्भ असेल तेथे ‘मोटार’ अथवा ‘वाहन’, अशी त्रिविध योजना व्यवहार्य ठरेल. रूढ झालेला ‘ऑटो’ हा शब्दही तिसऱ्या अर्थाने निःसंकोच वापरावा. तीन, परिभाषा घडविताना संस्कृत पूर्वपदांइतकाच ‘आपणहून’ आणि ‘आपोआप’ यांसारख्या देशी भेदांचा आधार घ्यावा. मराठीचे शब्दभांडार येथे मुळीच तोकडे नाही. ‘स्वतः’ आणि फारसीतून आलेला ‘खुद्द’ हे एकाच प्राचीन मूळाचे दोन वंशज आज मराठीत शेजारी नांदतात, इतकी ती या बाबतीत समृद्ध आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक लहानसे काम पुढे येते. वाणिज्य, विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या वर्गांत ‘स्वयं’ने आरंभ होणारा कोणताही शब्द आला, की ‘स्वयं कोणाचे?’ एवढा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. या पट्ट्यातील वर्गांत बसलेल्या अनेकांचे आई-वडील पहिल्या पाळीला कामावर गेलेले असतात आणि घरी झालेला स्वयंपाकही पहाटे उठून कोणीतरी केलेला असतो. आपोआप काहीच झालेले नाही, हे त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. त्यांच्या भाषेने त्यांचे हे ज्ञान झाकू नये, एवढीच अपेक्षा.